ग्वान यूचा मृत्यू : दंतकथा आणि नोंदी

प्रश्न : चीनमधील योद्धा ग्वान यू याचा शिरच्छेद झाल्यावर त्याच्या आत्म्याने सेनापती लू मंगच्या अंगात शिरून त्याचे प्राण घेतले, आणि उत्तरेचा सत्ताधीश त्साओ त्साओ याच्यासमोर ग्वान यूचे छिन्न मस्तक ठेवताच त्या मस्तकाने डोळे उघडले, असे वाचले. यात तथ्य किती?

उत्तर : हे दोन्ही प्रसंग चौदाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या, तीन राज्यांच्या काळावरील कादंबरीमुळे सर्वतोमुखी झाले. ग्वान यूच्या मृत्यूनंतर त्याच शतकात चन शौ याने लिहिलेल्या इतिहासात ते नाहीत. तिथली हकीकत त्रोटक आहे. इसवी सन २१९ मध्ये ग्वान यू उत्तरेत फानछंगला वेढा घालून बसला असता, दक्षिणेतील सत्ताधीश सुन छ्वान याचा सेनापती असलेल्या लू मंगने आपले सैनिक व्यापाऱ्यांच्या वेषात नदीमार्गे पाठवून त्याच्या पिछाडीचे च्यांगलिंग घेतले. शहरातील कुटुंबांना त्याने इतके चांगले वागवले की, घरची खुशाली कळताच ग्वान यूच्या सैनिकांची लढण्याची इच्छाच उरली नाही. शेवटी ज्या मायछंग गावाच्या आश्रयाला तो गेला होता, त्याच्या तटावर निशाणे आणि माणसांचे पुतळे उभे करून ग्वान यू मोजक्या स्वारांनिशी निसटला. पण वाट आधीच अडवलेली होती. सुन छ्वानचा सेनानी पान चांग याच्या हाताखालील मा चोंगने त्याला पकडले आणि लिनज्यू येथे तो व त्याचा मुलगा ग्वान पिंग मारले गेले.

सुन छ्वानला त्याला जिवंत ठेवायचे होते, परंतु 'लांडग्याचे पिल्लू पाळू नये' असे दरबाऱ्यांनी बजावल्यामुळे त्याने विचार बदलला, अशीही एक जुनी कथा आहे. पाचव्या शतकातील टीकाकार पेई सोंगची याने ती खोडताना केवळ अंतर दाखवले : लिनज्यू च्यांगलिंगपासून दोन-तीनशे ली, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे आणि ग्वान यूला तर पकडताच मारले, तेव्हा अशी मसलत होणार कधी? मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

सूडाच्या कथेला आधार मिळाला तो योगायोगाचा. लू मंग लवकरच आजारी पडून वारला, आणि ग्वान यूचे मस्तक खरोखरच त्साओ त्साओकडे पाठवले गेल्यानंतर तोही मार्च २२० मध्ये लुओयांगला मरण पावला. मात्र ही कथा लू मंगवर अन्याय करते. त्याच्या चरित्रात असे आहे की, सुन छ्वानने त्याला आपल्याच वाड्यात ठेवले, बरे करणाऱ्यास मोठे बक्षीस जाहीर केले आणि आपल्या येण्याने रुग्णाला उठण्याचे श्रम पडू नयेत म्हणून भिंतीला भोक पाडून तो त्यातून पाहत असे. लू मंगने चार घास खाल्लेले दिसले की त्याला आनंद होई, नाहीतर रात्री झोप लागत नसे. ज्याच्या अंगात भूत शिरल्याचे सांगितले जाते, त्याचा शेवट असा आजारात झाला.

धन्याच्या विरहाने अन्न सोडून मेलेल्या लाल घोड्याचा प्रसंगही कादंबरीचाच. इतिहासात तो घोडा लू बू या दुसऱ्याच योद्ध्याचा आहे. तो ग्वान यूकडे आल्याची नोंद चन शौच्या इतिहासात नाही.