शिंकेने उचललेला हात

ताई,
माझा मुलगा 27 वर्षांचा आहे. गेल्या नोव्हेंबरात रात्रपाळी संपवून येताना त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. मानेतून हाताकडे येणाऱ्या पाच नसांपैकी वरच्या तीन मुळापासून उपटल्या, खालच्या दोन ताणल्या असं सांगितलं. फेब्रुवारीत पुण्यात ऑपरेशन झालं. दुखणं हाताचं आणि चीर छातीवर, ते मला अजून कळलेलं नाही. बोटं थोडी मिटतात, कोपर आणि खांदा हलत नाही. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं लागतील. गणपतीपर्यंत नेमाने व्यायाम करायचा, नंतर फिजिओने दिलेला कागदच फाडून टाकला. भिंतीकडे तोंड करून पडून असतो, माझ्यावर ओरडतो. मी काय कमी केलं? अंघोळ घालते, शर्ट घालते, डाव्या हाताने जेवणं बरं दिसत नाही म्हणून भरवते. एकदा चहाच्या पेल्याने अंगठा भाजला, त्याला कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून गरम काही हातात देत नाही. गौरी विसर्जनाच्या दिवशी उदाच्या धुराने शिंकला आणि हात एकदम कोपरातून वर उडाला. "आई, बघितलंस का?" म्हणाला. मी म्हटलं, हलवू नको, टाके तुटतील, आणि हात गळ्यात अडकवायचा पट्टा आणखी आवळून बांधला. त्याचे वडील नाहीत. व्यायाम कर म्हणून तुम्हीच त्याला चार शब्द सांगा.
एक आई, कराड तालुका

ताई, चार शब्द सांगणार आहे, पण त्याला नाही. तुम्हाला.

तुमच्या पत्रात ती शिंक दोन-तीन ओळींत उरकली आहे, भाजलेल्या अंगठ्याच्या मागे. मला मात्र तिच्यापुढे वाचताच येईना. नोव्हेंबरापासून दोरीला टांगल्यासारखा लोंबणारा हात कोपरातून वर उडाला. मुलाने तुम्हाला हाक मारून विचारलं, बघितलंस का? आणि तुम्ही तो हात बांधून टाकलात.

आता छातीवरच्या चिरेचं सांगते, म्हणजे शिंकेचंही कळेल. वरच्या तीन नसा मुळापासून उपटल्या होत्या, म्हणजे त्यांना परत शिवायला टोकच उरलं नव्हतं. तुमच्या भागात विहीर आटली की काय करतात? शेजारच्या पाटाचं दार मोडून पाणी आपल्या वाफ्याकडे वळवतात. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून डॉक्टरांनी तेच केलेलं दिसतं. बरगड्यांच्या मधून श्वासासाठी जाणाऱ्या नसा असतात. त्यांतल्या दोन-तीन काढून घेतल्या तरी श्वास अडत नाही. त्या छातीतून सोडवून काखेकडे आणायच्या आणि दंडाच्या स्नायूकडे जाणाऱ्या नसेला जोडायच्या. म्हणून दुखणं हाताचं आणि चीर छातीला.

जोडली म्हणजे लगेच चालू झाली असं मात्र होत नाही. आतले जुने धागे मरतात आणि जोडापासून नवे धागे उगवत जातात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, महिन्याला इंचभर. बाहेरून काही दिसत नाही. शेजारीपाजारी म्हणतात, ऑपरेशन वाया गेलं. आत ते धागे रोज एका मिलिमीटरने दंडाकडे सरकत असतात. ते स्नायूत पोहोचले की पहिली हालचाल मालकाच्या मर्जीने होत नाही, कारण ती नस अजून स्वतःला बरगडीचीच समजते. मेंदू छातीला हुकूम देतो आणि वाकतो कोपर. खोकला आला, जांभई आली, मोठ्याने हसू आलं, शिंक आली की दंड आपोआप आखडतो. अशा ऑपरेशनच्या पेशंटमध्ये हे नेहमी दिसतं, आणि फिजिओ महिनोन् महिने त्याचीच वाट बघत असतात.

म्हणजे ती शिंक आली तेव्हा नस दंडात पोहोचलेली होती. तुमच्या घरात, गौरींच्या पाटासमोर. त्याने ते तुमच्या आधी ओळखलं.

आणि गणपतीपर्यंत नेमाने व्यायाम करणाऱ्या मुलाने गणपती झाल्यावर कागद फाडला, हे तुम्हीच लिहिलंय. गौरी जातात कधी आणि गणपती संपतात कधी? चार-पाच दिवसांचं अंतर. सात महिने तो आंधळेपणाने हात हलवत राहिला, काही दिसत नसताना. ज्या दिवशी दिसलं, त्या दिवशी घरातल्या एकुलत्या एका माणसाने सांगितलं, हलवू नको. त्याच्या जागी मी असते तर मीही कागद फाडला असता.

तुमची भीती मला समजत नाही असं नाही. नवरा गेलेला, एकुलता आधार रस्त्यावर पडलेला, तो फोन, ती रात्र. ज्या बाईने ते पाहिलं तिला मुलाच्या अंगातली प्रत्येक अचानक हालचाल धोक्याचीच वाटणार. पण सात महिन्यांनी त्वचेवरचे टाके तुटायला उरलेले नाहीत. आतला जोड पहिल्या काही आठवड्यांत जपायचा असतो, तेव्हा हात बांधून ठेवतात ते बरोबर. अजूनही कोणी तो हात धरून डोक्यावर ओढू नये, काखेतून आणलेल्या नसांवर ताण येतो. किती उचलायचा ते डॉक्टरांनाच विचारा. पण कोपर आपणहून वाकला तर त्याने काही तुटत नाही. तो वाकावा म्हणूनच छाती चिरली होती.

पट्टा कायमचा फेकून द्या असंही मी म्हणत नाही. खांद्याचे स्नायू झोपलेले असताना हाताच्या वजनाने खांद्याचा सांधा खाली निसटतो, म्हणून उभं राहताना, चालताना, एसटीत पट्टा हवाच. घरात मांडी घालून बसलेल्या माणसाला तो कशाला? पट्ट्यात वाकलेला कोपर तसाच आखडतो, बोटं जड होतात. मग नस वेळेवर पोहोचली तरी सांधा उघडत नाही, आणि तो दोष नसेचा नसतो.

आज संध्याकाळी एकच गोष्ट करा. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि म्हणा, "मी बघितलं होतं. मी घाबरले. परत दाखव."

एवढंच. व्यायाम कर म्हणू नका, डॉक्टरांचं नाव काढू नका, तुमच्या कष्टांची यादी तर मुळीच नको. तो ओरडेल कदाचित. ओरडू दे. पट्टा तुमच्या हाताने काढा आणि बसून राहा.

तो तयार झाला की हात टेबलावर ठेवायचा, खांद्याच्या उंचीला, आडवा. हात उचलून धरण्याची ताकद त्या नव्या नसेत अजून नाही, पण सपाट पृष्ठभागावर वजन पेलावं लागत नाही, नुसतं सरकायचं असतं. तुमच्याकडे जुना कॅरम बोर्ड असेल तर तोच काढा, त्यावर पावडर टाका. हाताखाली पावडर असली की घर्षण कमी होतं, फिजिओच्या खोलीतही हेच करतात. मग त्याने खोल श्वास घ्यायचा, छाती फुगवून क्षणभर धरायचा, आणि त्याच वेळी मनात म्हणायचं, कोपर वाक. श्वासाने होत नसेल तर खोकून बघायचं. सुरुवातीला फक्त दंडावर बोटांना थरथर जाणवेल. पूर्वी मुलं ऐटीत जी बेटकुळी फुगवून दाखवायची ना, त्याच जागी तुमची दोन बोटं ठेवा. डोळ्यांना दिसायच्या आधी ते बोटांना कळतं. अशा मुलांना मी फिजिओच्या खोलीत पाहिलंय, एका ओळीत टेबलाशी बसून खोकताना, आणि मागे उभ्या असलेल्या आया-बायका त्यांच्या दंडाकडे डोळे लावून.

आठ-दहा श्वास झाले की थांबायचं. लागोपाठ खोल श्वास घेतले तर भोवळ येते. शिवाय नव्या नसेचा स्नायू चटकन दमतो, दमलेल्या स्नायूला राबवून ताकद येत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं, हे एका बैठकीत तासभर करण्यापेक्षा कितीतरी बरं. काही महिन्यांनी मेंदूला जोडणी उमगते. मग तो नुसतं कोपर वाकवायचं म्हणेल आणि वाकेल, श्वास रोखावा लागणार नाही. जुन्या खुणा मात्र काहींना वर्षानुवर्षं राहतात, जोराची शिंक आली की हात उडतोच. तेव्हा परत घाबरू नका.

या आठवड्यात पुण्याला फोन करून शिंकेचं सांगा, तारखेसकट. ते तपासायला बोलावतील, लागलं तर ईएमजी, म्हणजे नस स्नायूत पोहोचली का ते बघणारी विजेची तपासणी, करतील, आणि फाटलेल्या कागदाऐवजी पुढचा व्यायाम देतील. तसाही आधीचा कागद आता जुना झालाय, तो न हलणाऱ्या हातासाठी होता.

आता जेवणाचं. डाव्या हाताने जेवणं बरं दिसत नाही, म्हणून 27 वर्षांच्या पुरुषाला आई घास भरवते, हे त्याला बरं वाटत असेल का? उद्यापासून त्याला डाव्या हाताने जेवू द्या, पाहुण्यांसमोरसुद्धा. कोणी बोललं तर उत्तर तुम्ही द्यायचं, त्याने नाही. आणि उजव्या हाताला ताटाजवळच जागा द्या. बोटं थोडी मिटतात म्हणालात ना? मग तो हात बिनकामाचा नाही, मदतनीस आहे. मनगटाने भाकरी दाबून धरायची आणि डाव्याने मोडायची. ताट सरकू नये म्हणून टेकवायचा. पेस्टचं झाकण मुठीत अडकवायचं, ट्यूब डाव्याने फिरवायची. शर्ट घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. हे त्याला एकदा दाखवा आणि खोलीच्या बाहेर जा. बटणांना वीस मिनिटं लागली तरी आत यायचं नाही. फिजिओने दिलेल्या कागदापेक्षा या वीस मिनिटांत मेंदूला त्या हाताची जास्त आठवण होते.

अंगठ्याला कळत नाही हे मात्र खरं, आणि तिथे तुमची काळजी रास्त आहे. पण उपाय पेला काढून घेणं नव्हे. गरम वस्तू आधी डाव्या हाताने चाचपायची, उजवा हात कुठे टेकलाय ते डोळ्यांनी बघायचं, ही सवय त्याला जन्मभर पुरेल. अंघोळीचं पाणी आधी डाव्या कोपराने बघायला शिकवा, जसं तुम्ही तो तान्हा असताना बघत होता. चहा स्टीलच्या पेल्याऐवजी कानाच्या जाड कपात द्या.

तेल चोळून नस जुळवणारे कोणी घरी येऊ लागले असतील तर त्यांना दारातूनच परत पाठवा. जिथे नस अजून उगवतेय आणि त्वचेला कळत नाही, तिथे कुणीही जोर लावू नये.

खोटी आशा देणार नाही. हा हात पूर्वीसारखा होणार नाही. पूर्वीचं काम त्याच पद्धतीने जमेल असं मी सांगू शकत नाही. खांदा कोपराच्या मागेच राहील बहुधा. पण कोपर वजनाविरुद्ध वाकू लागला की हात तोंडापर्यंत पोहोचतो, पिशवी मनगटावर अडकवता येते, दार ढकलता येतं, कुणाच्या खांद्यावर ठेवता येतो. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली त्यातले सात-आठ महिनेच झाले आहेत, आणि पहिलं उत्तर आलेलं आहे.

रात्री करंट लागल्यासारख्या कळा येतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असतील तर त्याला विचारा आणि डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध असतं. पुष्कळ मुलं आईला काळजी नको म्हणून ते लपवतात, आणि आईला वाटतं, हा उगाच चिडतोय.

संध्याकाळ व्हायला वेळ आहे अजून. कॅरम बोर्ड माळ्यावर असेल, धूळ पुसून ठेवा. पावडर त्यालाच टाकू द्या, डाव्या हाताने.