भाचा की पुण्याचा कन्सल्टंट?

प्रश्न : नमस्कार ताई. आमची सोलापुरात पूर्व भागात छोटी संस्था आहे, मी तिचा विश्वस्त. मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचा प्रोजेक्ट आठ शाळांत तीन वर्षं चालवला, एका कंपनीच्या सीएसआरमधून (म्हणजे समाजकामासाठी ठेवलेल्या पैशातून) २४ लाख मिळाले होते. आता कंपनी म्हणते बाहेरच्या माणसाकडून रिव्ह्यू करून घ्या, मग पुढचं बघू. पुण्याच्या एका कन्सल्टंटचं कोटेशन आलंय साडेतीन लाखांचं, इंग्रजीत ३२ पानं, आम्हाला काही कळेना. आमच्यातले एक विश्वस्त म्हणतात त्यांचा भाचा कॉम्प्युटरवाला आहे, प्रोजेक्टची पोस्टरं-व्हिडिओ पण त्यानेच केलेत, तो ४० हजारात करून देईल. कुणाला घ्यावं? आणि त्याला काम सांगायचं तरी काय?
— एक विश्वस्त, सोलापूर

उत्तर : भाच्याचं आधी उरकून टाकते. पोरगा हुशार असेल, नाही म्हणत नाही, पण ज्या पोस्टरचा उपयोग झाला का ते बघायचंय ते पोस्टर त्यानेच केलंय, मग तो काय लिहिणार? त्याला दुसरं काही काम द्या, हे नको.

पण म्हणून पुण्याच्या साडेतीन लाखाला पण लगेच मान हलवू नका. आधी कंपनीला फोन करून विचारा की हे कायद्याने लागतंय का तुमच्या समाधानासाठी हवंय. इम्पॅक्ट असेसमेंटची, म्हणजे कामाचा परिणाम बाहेरच्याकडून तपासून घ्यायची, सक्ती आहे ती मोठ्या कंपन्यांना, म्हणजे मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा जास्त सीएसआर करावा लागणाऱ्यांना, आणि तेही १ कोटी किंवा त्यावरच्या प्रोजेक्टसाठी. तुमचा २४ लाखांचा त्यात बसतच नाही. मग काम छोटं ठेवता येतं की. खर्च कोण देणार हे पण त्याच फोनवर बोलून घ्या, नंतर संस्थेच्या गळ्यात पडतं.

त्या ३२ पानांत रेलेव्हन्स, कोहिरन्स, इफेक्टिव्हनेस, एफिशियन्सी, इम्पॅक्ट, सस्टेनेबिलिटी असे सहा शब्द नक्की असतील. ते ओईसीडी या देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे निकष आहेत, जगभर वापरतात, कोहिरन्स तर २०१९ ला घातला. साधं आहे हो, गरज होती का, बाकीच्यांच्या कामाशी जुळतं का, ठरवलं ते झालं का, पैसा नीट लागला का, मुलांना फरक पडला का आणि तुम्ही गेल्यावर टिकेल का. पण दोन महिन्यांत सहाच्या सहा विचारायला गेलात तर सगळ्याचं चिमूटभर मिळेल. मी तुमच्या जागी असते तर एकच विचारलं असतं, तीन वर्षांत ज्या मुलांनी येऊन काही सांगितलं त्यांचं पुढे काय झालं?

कारण किती सेशन झाली, किती मुलं बसली हे तुमच्या रजिस्टरात आहेच, ते मोजायला माणूस कशाला. समजा सातवीतली एक पोरगी बाईंना म्हणाली की एकजण माझा फोटो सगळ्यांना पाठवीन म्हणून धमकावतोय, तर बाईंनी ते कुणाला सांगितलं, किती दिवसांनी सांगितलं, हेडमास्तरांनी पोलिसांना कळवलं का शाळेचं नाव जाईल म्हणून दाबलं, घरच्यांनी फोन काढून घेऊन पोरीचंच शिक्षण बंद केलं का, हे सगळं मुलीचं नाव न घेता नुसत्या केस नंबरवरून शेवटपर्यंत शोधत जाणारा माणूस तुम्हाला हवाय. आणि आठ शाळांतून तीन वर्षांत एकपण तक्रार नाही असं निघालं तर पेढे वाटू नका, पहिलं तेच खोदायला सांगा. पोस्टरवर नंबर कुठला छापलाय ते पण बघा, १९३० हा मुख्यतः पैशाच्या फसवणुकीचा, अडकलेल्या पोरासाठी मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हवा, तो चोवीस तास चालतो.

आता आपल्या गावाचं. पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, काही शाळांत उर्दू, कन्नड. पोरगं वर्गात मराठीत "हो मॅडम, कळलं" म्हणतं आणि घाबरलं की घरच्या भाषेत बोलतं. फोन बापाचा, तो यंत्रमागावरून शिफ्ट संपवून आला की पोरांच्या हातात येतो, आई शेजारी विड्या वळत बसलेली असते. पुण्याहून "तुझ्या डिव्हाइसची प्रायव्हसी सेटिंग्ज" असली प्रश्नावली आली तर काय उत्तरं येणार? तेव्हा टीममध्ये तेलुगू येणारी एक बाई पाहिजेच अशी अट घाला, फक्त ती त्याच गल्लीतली नको, ओळखीच्या काकूंसमोर कुठली पोरगी तोंड उघडते. तारखा पण बघून द्या, जानेवारीत गड्डा यात्रा, मग परीक्षा, मग सुट्टी, त्यामुळे जुलै-ऑगस्ट बरा.

टीओआर म्हणजे कामाचा कागद दोन पानांचा पुरे, मराठीत लिहिला तरी चालतो. पण त्यात काही गोष्टी घातल्याशिवाय सही करू नका. मुलांशी बोलताना "हे कुणालाच सांगणार नाही" असं वचन कन्सल्टंटने द्यायचं नाही, कारण पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती कळली की ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाहुण्या कन्सल्टंटवर पण, आणि नाही कळवलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरं म्हणजे स्क्रीनशॉट. पुरावा म्हणून, रिपोर्टला जोडायला म्हणून, "केसचे सॅम्पल मेल करा" असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. मुलांचं असलं अश्लील साहित्य नुसतं जवळ ठेवणं हा पण गुन्हा होऊ शकतो, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केलंय. "आम्ही तर चांगल्या कामासाठी ठेवलं होतं" हे सांगायची वेळच आणू नका. आणि मुलांशी बोलण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यायची, पोराला स्वतःलाही विचारायचं, नको म्हणालं तर सोडायचं.

माणूस पारखायचा कसा? सीव्ही सगळ्यांचेच भारी असतात. मुलाखतीत एवढंच विचारा, "तुम्ही बोलत असताना मुलगी रडायला लागली आणि काहीतरी सांगून बसली तर तुम्ही पुढच्या तासाभरात काय कराल?" जो लगेच फॉर्म आणि फ्रेमवर्कवर जातो त्याला चहा पाजून पाठवून द्या. जो विचारतो की तुमच्याकडे समुपदेशक कोण आहे, पोलीस ठाण्यात तुमचं कुणाशी बोलणं आहे, तो कामाचा. जुना एखादा रिपोर्ट पण मागा, त्यात मुलांचे चेहरे किंवा शाळेचं नाव दिसलं तर तिथंच थांबा.

फीचं थोडक्यात. २० टक्के सुरुवातीला, ४० कच्च्या रिपोर्टवर, उरलेले ४० मराठीतला सारांश हातात पडल्यावर आणि आठही शाळांच्या शिक्षकांसमोर तो वाचून दाखवल्यावर. टीडीएस १० टक्के कापायला विसरू नका आणि त्याची जीएसटी नोंदणी असेल तर वर १८ टक्के लागतात, कोटेशनमध्ये ते धरलेत का बघा. कच्च्या रिपोर्टमध्ये चुकीची माहिती असेल तर दुरुस्त करायला सांगा, पण "हा पॅरा काढा, कंपनीला काय वाटेल" असं म्हणू नका, त्यासाठी भाचा होताच की.

प्रश्न : ताई, मुलीच्या शाळेत ऑनलाइन सुरक्षेच्या पाहणीला माणसं आली, मुलीला फोन आणायला सांगितला आणि चॅट उघडून बघितले. आम्हाला विचारलं पण नाही. हे बरोबर आहे का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. पाहणीला चॅट बघायची काही गरजच नसते. शाळेला लेखी पत्र द्या, कोण आले होते, कुणाच्या परवानगीने आले, काय लिहून किंवा फोटो काढून नेलं आणि ते आता कुठे आहे, एवढं विचारा आणि ते पुसून टाकल्याचं लेखी मागा. पत्राची पोच घ्या. मुलीला रागावू नका, तिला मोठ्यांनी फोन मागितला आणि तिने दिला. पुढच्या वेळी "आईला विचारून सांगते" म्हणायचं, हे एकदा घरी तिच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या.