बेळगावहून चार दिवस समुद्रावर: गोवा की तारकर्ली?

आजी आणि दोन लहान मुलं बरोबर आहेत म्हणताय, तर सरळ तारकर्ली. आंबोली घाट उतरून सावंतवाडी, कुडाळ, मालवण. आंबोलीत चहाला थांबाच. चोर्ला घाटातून गोवा जवळ पडतो की हो, पण त्या वळणांत आमच्या धाकट्याला हमखास उलटी.

नाताळचा आठवडा टाळा, दर आभाळाला भिडतात. जूनही नको, पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. फेब्रुवारी उत्तम.

बुकिंगआधी फोनवर एकच विचारा: खोलीतून किनारा चालत किती मिनिटं? ‘सी व्ह्यू’ म्हणून आम्हाला एकदा माडाच्या झावळ्यांआडून हातभर निळं दाखवलं होतं, तेही बाथरूमच्या खिडकीतून.