कुंकवाचा हिशोब कशाला?

तुझा उत्साह पाहून बरं वाटतं. पण परवा प्रार्थनासभेत त्या नव्या बाईंना सगळ्यांदेखत "अजून कुंकू का लावता?" असं विचारलंस, ते टाळायला हवं होतं. बाप्तिस्म्यानंतर मीही असाच होतो. कोण उशिरा येतं, कोणाला बायबलातलं वचन सापडत नाही, सगळी हजेरी माझ्याकडे!

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मध्ये पाच वर्षं गेली. लक्ष्मीबाईंचं सोवळं काही एका दिवसात सुटलं नव्हतं.

आणि बायबलातला मार्क आठव. पौल आणि बर्णबा या प्रेषितांबरोबर प्रचाराला निघालेला तो पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावरच परतला, म्हणून पौल त्याला पुन्हा सोबत न्यायला तयार होईना. बर्णबाने मात्र त्याला घेतलं आणि कुप्राची (सायप्रस बेटाची) वाट धरली. या भांडणात पौल चुकला असं मला वाटतं (आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना हे पटत नाही). पुढे तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे.

येत्या रविवारी त्या बाईंशेजारी बस. गीताचं पान काढून दे. उपासनेनंतर चहाला थांबव, मुलांची चौकशी कर. कुंकवाचा विषय काढू नकोस.