वाचक विचारतात : सफ एक, सोयरीक वेगळी

सफ म्हणजे नमाजातली रांग. इस्लाममधील समतेविषयी सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे लांबलचक होती, म्हणून त्यांतला मूळ प्रश्न तेवढा ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयातील व्याख्यानात वक्त्यांनी प्रेषित मुहम्मद यांचे ‘अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही’ हे वचन सांगितले. हे कुरआनातले आहे का, आणि ते अस्सल मानले जाते का? – एक वाचक, चिकोडी

उत्तर : हे वचन कुरआनातले नसून हदीसमधले, म्हणजे प्रेषितांच्या उक्तींच्या परंपरेतले आहे. इ. स. 632 मध्ये प्रेषितांनी केलेल्या अखेरच्या हजच्या वेळचे हे प्रवचन अनेक संग्रहांत तुकड्यातुकड्यांनी आले आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन अग्रगण्य संग्रहांत त्यातला जीवित आणि मालमत्ता यांच्या पावित्र्याचा भाग सापडतो. वर्णाविषयीचे वाक्य मात्र इमाम अहमद इब्न हनबल यांच्या ‘मुसनद’मध्ये आहे आणि हदीसचे अभ्यासक त्याची परंपरा सामान्यतः ग्राह्य धरतात. पुढचे शब्द वक्ते अनेकदा घाईने उरकतात. श्रेष्ठत्व नाही, ‘तक्वा’ म्हणजे ईशभक्तीचा अपवाद वगळता, असे ते वाक्य आहे, आणि कोणाचा तक्वा किती हे मोजण्याचा अधिकार ईश्वराकडे आहे, जमातीच्या अध्यक्षाकडे नाही.

कुरआनचा आधारही भक्कम आहे. एकोणपन्नासाव्या अध्यायातील तेरावी आयत सांगते की एका पुरुषापासून आणि एका स्त्रीपासून तुम्हाला निर्माण केले, आणि तुमच्या जमाती व कबिले केले ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून. तिसाव्या अध्यायात भाषांची आणि वर्णांची भिन्नता ही ईश्वराच्या खुणांपैकी एक म्हटली आहे. बुखारींनी नोंदवलेला एक प्रसंग मला या सर्वांहून बोलका वाटतो. अबू जर या ज्येष्ठ सहकाऱ्याने एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना ‘तुझ्यात अजून जाहिलियत (इस्लामपूर्व अज्ञानकाळाची वृत्ती) शिल्लक आहे’ असे सुनावले आणि तुमचे गुलाम हे तुमचे भाऊ आहेत, तुम्ही खाता तेच त्यांना खाऊ घाला, असे बजावले. म्हणजे धर्म स्वीकारल्याने जुना अहंकार आपोआप गळून पडतो असा समज खुद्द प्रेषितांच्या काळातही नव्हता.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या तालुक्याच्या जंगलपट्ट्यात सिद्दींची वस्ती आहे. मलिक अंबर शिकवताना मी मुलांना सांगतो की इस्लाममध्ये वर्णभेद नसल्यामुळेच एक हबशी गुलाम निजामशाहीचा कर्ताधर्ता होऊ शकला. हे बरोबर आहे का? – एक शिक्षक, खानापूर

उत्तर : निम्मे बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यासाठीच हे उत्तर थोडे लांबणार आहे. 1548च्या सुमारास इथिओपियात जन्मलेले, लहानपणी विकले गेलेले आणि बगदादमार्गे दख्खनेत आलेले मलिक अंबर निजामशाहीच्या सर्वोच्च पदाला पोहोचले, त्यांनी खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहर वसवले, जमीन महसुलाची घडी बसवली आणि 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजांसारख्या मराठा सरदारांना बरोबर घेऊन मोगल आणि आदिलशाही या दोघांना हरवले. त्यांना विकत घेणारे निजामशाहीचे पेशवे चंगेजखान स्वतःही एकेकाळचे हबशी गुलामच होते. ही शिडी त्या काळच्या युरोपीय वसाहतींत आफ्रिकी गुलामाला उपलब्ध नव्हती, एवढे निःशंक म्हणता येते.

परंतु शिडी होती याचा अर्थ हेटाळणी नव्हती असा होत नाही. जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख वारंवार ‘काळतोंड्या’ अशा अर्थाच्या विशेषणाने करतो. अंबरच्या कापलेल्या मस्तकावर आपण बाण मारत आहोत असे चित्रही त्याने काढून घेतले, आणि हे मस्तक त्याला प्रत्यक्षात कधीच मिळाले नाही. दुसरी हकिकत एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. अंबरने आपली मुलगी निजामशहाला दिली होती. राजवाड्यात तिची गाठ गोऱ्या इराणी वंशाच्या पट्टराणीशी पडली आणि भांडणात पट्टराणीने तिला गुलामाची पोर म्हणून हिणवले. त्याचा शेवट निजामशहाच्या विषप्रयोगात झाला असे हा व्यापारी सांगतो. तलवार चालते आहे तोवर रंग कोणी काढत नाही, आणि सोयरीक जुळली की तोच पहिल्यांदा ओठांवर येतो.

तुमच्या विद्यार्थ्यांना बेळगावच्या किल्ल्यापासूनही हा विषय शिकवता येईल. बहमनी वजीर महमूद गावान हा इराणच्या गीलान प्रांतातून आलेला ‘आफाकी’, म्हणजे परदेशी. त्याने 1472-73 मध्ये हा किल्ला जिंकला. बहमनी दरबारात आफाकी आणि दख्खनी असे दोन तट होते. हबशी सरदार बहुधा दख्खनींच्या बाजूला असत, कारण उजळ वर्णाचे इराणी-तुराणी अमीर त्यांना बरोबरीचे मानत नसत. शेवटी दख्खनी गटाने बनावट पत्राचा डाव रचला आणि 1481 मध्ये गावानचा शिरच्छेद झाला. दोन्ही तट मुसलमान होते, कलमा एकच होता, आणि तरीही वंश आणि वर्ण यांवरून राज्य पोखरले गेले.

गुलामगिरीचा मुद्दाही वर्गात टाळू नये. कुरआनने गुलाम मुक्त करणे हे मोठे पुण्यकर्म ठरवले, कित्येक अपराधांचे प्रायश्चित्त म्हणून ते सांगितले, पण गुलामगिरीवर बंदी घातली नाही. शरियतनुसार गुलामगिरीला रंगाचा आधार नव्हता आणि तुर्क व कॉकेशसमधले गोरे सर्केशियनही विकले जात. तरीही इराकमधील बसऱ्याजवळच्या खाऱ्या दलदलीत राबवल्या जाणाऱ्या आफ्रिकी गुलामांनी 869 ते 883 अशी चौदा वर्षे अब्बासी खलिफांविरुद्ध बंड चालवले, ते उगाच नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील टिंबक्टूचे विद्वान अहमद बाबा यांना सतराव्या शतकाच्या आरंभी फतवा द्यावा लागला की काळी कातडी हे कोणाला गुलाम करण्याचे कारण होऊ शकत नाही. प्रश्नच पडत नसता, तर फतव्याची गरज भासली नसती. ट्युनिशियाने 1846 मध्ये गुलामगिरी संपवली, तर सौदी अरेबियाने 1962 मध्ये आणि मॉरिटानियाने थेट 1981 मध्ये.

आता तुमच्या तालुक्यातले सिद्दी. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते आणि तिथून पळून ते घाटावरच्या जंगलात शिरले, तेव्हा सगळा दोष अरब व्यापाऱ्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. खानापूर, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या पट्ट्यात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही धर्मांचे सिद्दी आहेत. धर्म वेगळा असूनही त्यांच्यात आपापसांत लग्ने होतात. सिद्दी नसलेल्या स्वधर्मीयांशी मात्र ती क्वचितच होतात, आणि हे तिन्ही धर्मांना सारखेच लागू आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्यांना त्यासाठी 2020 पर्यंत थांबावे लागले. तुमच्या वर्गात सिद्दी मुले असतील, तर मलिक अंबरचा धडा शिकवताना बाकीची मुले त्यांच्याकडे वळून कशी पाहतात, तेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझा मुलगा आखाती देशात नोकरीला आहे. तो म्हणतो की जुम्म्याला मालक आणि आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहतो, पण एकाच कामाचा पगार पासपोर्ट बघून ठरतो. याला धर्मात काही आधार आहे का? – एक आई, हुक्केरी

उत्तर : नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस तुम्हाला ठाऊक असेलच. मजुराला कामावर ठेवून पुरेपूर काम करून घ्यायचे आणि मजुरी द्यायची नाही, अशा माणसाविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः ईश्वर उभा राहील, असे बुखारींच्या संग्रहात आहे. तुमचा मुलगा सांगतो तो भेद ‘कफाला’ म्हणजे प्रायोजकाच्या पद्धतीतून आणि भरती एजंटांच्या बाजारभावातून आलेला आहे. भारतीय, नेपाळी, फिलिपिनो, अरब आणि गोरा युरोपीय अशी उतरंड तिथे उघडपणे चालते. कतारने 2021 मध्ये सर्व राष्ट्रीयत्वांच्या कामगारांना एकच किमान वेतन, महिना 1000 रियाल, लागू केले, आणि त्यामागे विश्वचषकाच्या निमित्ताने जगाचे लागलेले लक्ष हे मोठे कारण होते. मुलाने कराराची प्रत आणि पगाराच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि तक्रार असेल तर भारतीय दूतावासात करावी.

प्रश्न : आमचे घराणे नदाफांचे. आजोबा दारोदार फिरून कापूस पिंजत, वडिलांचे गाद्यांचे दुकान आहे आणि मी पदवीधर आहे. कागदोपत्री आम्ही शेख लावतो. एका सय्यद घराण्यातील मुलाचे स्थळ आले, मुलाला मी पसंत होते. मग त्याच्या खालांनी, म्हणजे मावशींनी, मध्यस्थबाईंकडून ‘मूळचे कोण?’ अशी चौकशी केली आणि नकार कळवला. वर निरोप असा, की शरियतमध्येच कुफू सांगितलेला आहे. हे खरे आहे का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमचे पत्र आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. उत्तर काटेकोर द्यायला हवे, म्हणून थोडे शास्त्रात शिरू.

कुफू म्हणजे विवाहातील बरोबरी. कुरआनात वंशाच्या किंवा व्यवसायाच्या बरोबरीची अट कोठेही नाही. प्रेषितांनी आपल्या आतेबहिणीचा, म्हणजे आईकडून कुरैश असलेल्या जैनब यांचा विवाह जैद या मुक्त केलेल्या गुलामाशी लावला. तो संसार टिकला नाही, पण लावला गेला. पुढे जैद यांचे पुत्र, सावळ्या वर्णाचे उसामा, यांच्याशी लग्न कर, असे त्यांनी फातिमा बिंत कैस या कुरैशी स्त्रीला सुचवले. आधी तिला ते रुचले नाही, मग तिने लग्न केले आणि सुखी झाली, अशी तिचीच साक्ष मुस्लिम यांच्या संग्रहात आहे.

मग कुफू आला कोठून? अरब टोळ्या आणि नव्याने मुसलमान झालेले अरबेतर जिथे दाटीने राहत होते, त्या इराकमधील कूफा शहरात हनफी विधिशास्त्र, म्हणजे इस्लामी कायद्याच्या चार पंथांपैकी एक, घडले. तिथल्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, चालू समाजरीत कायद्यात घेतली : कुरैश कुरैशांच्या बरोबरीचे, इतर अरब एकमेकांच्या बरोबरीचे, आणि अरबेतरांसाठी बापजाद्यांचा इस्लाम, स्वातंत्र्य, संपत्ती व व्यवसाय पाहावा. विणकर, चर्मकार आणि रक्त काढणारा हे हलके धंदे ठरले. गंमत अशी, की या पंथाचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा स्वतः अरबेतर वंशाचे मानले जातात. इमाम मालिक यांनी मात्र मुख्य कसोटी धर्मशीलतेचीच ठेवली, आणि सुफियान सौरींसारख्यांनी वंशाची अट नाकारली. हिंदुस्थानात आल्यावर त्याच हनफी चौकटीत सय्यद-शेख-मोगल-पठाण वर आणि पिंजारी, बागवान, शिकलगार, कसाई खाली अशी आपल्याकडची जातवारी आरामात बसली. चौदाव्या शतकातला इतिहासकार बरनी तर हलक्या कुळातल्यांना लिहायवाचायला शिकवूच नये, असे उघड लिहून गेला. डॉ. आंबेडकरांनी 1901च्या बंगालच्या जनगणनेचा हवाला देऊन अशराफ (उच्चकुलीन), अजलाफ (सामान्य) आणि अरजल (सर्वांत हलके मानलेले) हे थर मुसलमानांतही आहेत, हे दाखवून दिले होते. कर्नाटक सरकारनेही पिंजार-नदाफांना मागासवर्गाच्या प्रवर्ग-1 मध्ये घातले आहे. म्हणून तुमच्यासारख्या घरांवर विचित्र पाळी येते : तहसील कचेरीत नदाफ असल्याचा दाखला मागायचा आणि स्थळ पाहताना तेच नाव झाकायचे. त्यात तुमच्या वडिलांनी लाजण्यासारखे काहीही केलेले नाही.

आता तुमच्या प्रकरणाकडे येऊ. हनफी शास्त्र जसेच्या तसे, त्यातल्या साऱ्या उतरंडीसकट मान्य केले, तरीही खालांचा दावा टिकत नाही. कुफूची कसोटी नवऱ्या मुलाला लागते, नवरीला नाही. वरचढ कुळातील स्त्रीने खालच्या पुरुषाशी परस्पर लग्न केले तर तिच्या वलीला, म्हणजे पालकाला, हरकत घेता यावी, एवढाच त्या नियमाचा हेतू होता. स्त्री आणि तिचे वली राजी असतील, तर ती हरकतही उरत नाही. सय्यद पुरुषाने नदाफ मुलीशी निकाह करण्यास हनफी, मालिकी, शाफई, हनबली यांपैकी कोणत्याही पंथात कुफूचा अडसर नाही, आणि सज्ञान मुलाला निकाहसाठी खालांचीच काय, वडिलांचीही परवानगी शास्त्राने बंधनकारक केलेली नाही.

तेव्हा मध्यस्थबाईंना एवढाच निरोप द्या, की नकार तुमच्या घराण्याचा आहे, तो तुम्ही आपल्या नावाने द्या. मुलगा खरोखर राजी असेल, तर हा मसला त्याने स्वतः गावच्या काझींना विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. तो विचारायलाच तयार नसेल, तर या स्थळासाठी तुम्ही अधिक ताटकळू नये, असे आम्हाला वाटते.