वाचक विचारतात: कस्टम इन-इअरची वायर एवढ्या लवकर का जाते?

कस्टम इन-इअर म्हणजे ऑडिओलॉजिस्टकडे कानाचा साचा देऊन त्याच मापाने बनवून घेतलेले हेडफोन. स्टेजवर गाणारे-वाजवणारे ते मॉनिटर म्हणून, म्हणजे स्वतःचा आणि साथीचा आवाज कानात ऐकायला, वापरतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांमध्ये आवाजाची तक्रार जवळजवळ नाहीच, सगळी रड वायरची आहे, म्हणून यावेळी फक्त वायरीचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: नमस्कार दादा, मी कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. कस्टम इन-इअर घेऊन दीड वर्ष झालं आणि आता दुसरी केबल पण गेली. उजव्या बाजूचा आवाज येतो-जातो, मान वळवली की खरखर. कानामागचा भाग काडीसारखा कडक झालाय आणि आतून हिरवा दिसतोय. कंपनी म्हणते घामाने झालंय, वॉरंटीत बसत नाही. एवढे पैसे घालून हेच होणार असेल तर काय करायचं?

उत्तर: आधी केबलच गेलीय ना हे पक्कं करा, कारण पुष्कळदा कानातला मळ कानात बसणाऱ्या भागाच्या, म्हणजे पीसच्या, नळीच्या तोंडाशी बसलेला असतो आणि लोक नवीन केबल मागवून मोकळे होतात. दोन्ही कनेक्टर काढा, डावीकडचा उजव्या पीसला आणि उजवीकडचा डाव्याला लावा, ओळखीचं गाणं चालू करा. बंद बाजू आता दुसऱ्या कानात गेली तर दोष केबलचा, त्याच कानात राहिली तर मळ, सॉकेट नाहीतर आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर. केबलच असेल तर गाणं चालू ठेवून चार जागा एकेक करून हळू वाकवून बघायच्या, जॅकचं बूड, दोन वायरी जिथे एक होतात तो जोड, कानामागचं वळण आणि कनेक्टरचं बूड. ज्या जागेला हात लावल्यावर आवाज जातो-येतो ती जागा गेली. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती कानामागचीच असणार.

आता तिथेच का? वायरीवरचं प्लास्टिक बहुतेक वेळा पीव्हीसी असतं, आणि पीव्हीसी मुळात कडकच, त्याला मऊ ठेवायला आत प्लास्टिसायझर म्हणून एक तेलकट पदार्थ मिसळलेला असतो. घाम, त्वचेचं तेल, डोक्याचं खोबरेल, मेकअप, सनस्क्रीन हे सगळं रोज तिथे लागत राहतं आणि तो मऊपणा हळूहळू बाहेर ओढून घेतं. मग ते आवरण आकसतं, कडक होतं, बारीक चिरा पडतात, आणि त्या चिरांतून घाम तांब्यापर्यंत पोचतो. हिरवं दिसतंय ते तांब्याचे क्षार. नुसतं हिरवं पडल्याने आवाजात काही फरक पडत नाही हे आधीच सांगतो, पारदर्शक आवरण असलं की ते दिसतं एवढंच, खरा घात कडकपणा करतो. कारण बऱ्याच केबलींमध्ये कानावर वळवायला आत एक धातूची तार असते, मेमरी वायर म्हणतात ती, ती जिथे संपते तिथे एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला मऊ अशी हद्द तयार होते आणि वाजवताना मान जेवढ्या वेळा हलते तेवढ्या वेळा सगळा बाक त्या एकाच रेघेवर येतो. गेलेली केबल तिथे ब्लेडने सोलून बघा. आवरण सालासारखं निघत नाही, तुकडे पडतात. आतले केसाएवढे धागे काही काळे काही हिरवे, नखाने नुसतं उचललं तरी तुटतात, आणि मधे दोन-तीनच धागे अजून लाल शाबूत असतात. त्या दोन-तीन धाग्यांवर तुमचा उजवा कान चालला होता.

कंपनीच्या उत्तराबद्दल, मला ते पटत नाही. स्टेजसाठी म्हणून वस्तू विकायची आणि घाम आला की जबाबदारी संपली म्हणायचं हे बरोबर नाही, निदान कानामागच्या भागाला तरी ठरावीक मुदतीची हमी द्यायला हवी, आणि तुम्ही ते लेखी मागाच. पण दुसरी बाजूही आहे. केबल ही झिजणारीच वस्तू आहे, तबल्याची पुडी जशी कधीतरी बदलावी लागते तशी, आणि म्हणूनच ती काढता येईल अशी बनवलेली असते. तुमचा पैसा कानात बसणाऱ्या पीसमध्ये आहे. त्यामुळे तिसरी केबल घेताना मेमरी वायर नसलेली, कानाच्या वळणावर नुसती मऊ नळी बसवलेली घ्या, आतला प्रत्येक धागा वेगळा इनॅमल केलेला, म्हणजे पातळ लाखेसारखा थर दिलेला, असेल तर उत्तम, त्याला लिट्झ वायर म्हणतात, ती हिरवी पडायला जास्त वेळ घेते. आणि एक नाही, दोन घ्या. कार्यक्रमाच्या बॅगेत दुसरी नसेल तर पहिली कितीही भारी असून उपयोग नाही.

अजून एक, ऑक्टोपॅडवाले बसून-उठून वाजवतात म्हणून विचारतो, बॉडीपॅक, म्हणजे इन-इअर ज्याला जोडता ती कमरेची डबी, कुठे लावता? मागे कमरेला लावून सरळ जॅक वर काढला असेल तर खुर्चीला टेकलात की जॅकच्या बुडाशी वायर मोडते. काटकोनी जॅकवाली केबल घ्या, आणि जॅक लावायच्या आधी वायरीचा एक छोटा वेढा बॉडीपॅकच्या क्लिपखालून घ्या म्हणजे ओढ बसली तर ती क्लिपला बसेल, सोल्डरला नाही. वर मानेमागे शर्टाच्या आत वायर मेडिकल टेपने चिकटवा, थोडी ढील ठेवून. लांबीचंही बघा, नेहमीची केबल साधारण १२० सेंटीमीटरची असते, उंच माणसाला मागे कमरेपर्यंत ती ताणूनच पोचते, मग मान वळवली की कनेक्टर ओढला जाणारच. १६० सेंटीमीटरच्या आसपासची मागून मिळते, ती घ्या.

प्रश्न: मी ठाण्यात राहते, सुगम संगीताचे कार्यक्रम करते. केबल बदलायला गेले तर दुकानदार म्हणाला आठ पदरी चांदीची घ्या ताई, जन्मभर टिकेल आणि आवाज पण खुलेल. किंमत ऐकून घरी आले. खरंच फरक पडतो का?

उत्तर: घरी आलात ते छान केलंत. जाड केबल म्हणजे टिकाऊ केबल असं अजिबात नाही. आठ पदरी वेणी दिसते सुंदर पण जड असते, ते वजन गाताना सतत कानातल्या पीसला खाली ओढतं, पीसचं सील, म्हणजे कानात घट्ट बसणं, हलतं आणि सील हललं की बास गायब. शिवाय वेणी कपड्यावर घासली की तो आवाज थेट कानात येतो, हळू आवाजात गझल गाताना फार त्रास देतो तो. आणि चांदीची म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा चांदीचा मुलामा दिलेलं तांबंच असतं.

आवाजाचं म्हणाल तर केबलचा एकच गुण खरा मोजण्यासारखा आहे, तो म्हणजे रेझिस्टन्स, विजेला होणारा अडथळा. बऱ्याच कस्टम इन-इअरमध्ये अनेक छोटे बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर असतात आणि त्यांचा इम्पिडन्स, म्हणजे त्यांचा स्वतःचा अडथळा, प्रत्येक सुराला वेगळा असतो. समजा एका पट्टीत तो ८ ओहम आहे, दुसरीकडे ४० ओहम. केबल २ ओहमची असेल तर ८ ओहमच्या जागी आवाज साधारण २ डेसिबलने खाली येतो आणि ४० च्या जागी अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी, म्हणजे पीसचा टोनच थोडा बदलला. लोक दोन केबलींमध्ये फरक ऐकू येतो म्हणतात तो बऱ्याचदा हाच, आणि तो चांदीचा नसतो. अर्धा-एक ओहमची साधी तांब्याची केबल घ्या, विषय संपला. उरलेल्या पैशात वर्षा-दोन वर्षांनी कानाचा साचा पुन्हा तपासून घ्या, वजन कमी-जास्त झालं की कान बदलतो आणि गाणाऱ्या माणसाला सील सगळ्यात महत्त्वाचं.

घेताना जॅक नीट बघा हां. दुकानात ४.४ मिलिमीटरचा जाड बॅलन्स्ड जॅक गळ्यात मारतात, तो म्युझिक प्लेअरवाल्यांसाठी आहे, तुमच्या बॉडीपॅकला साधा ३.५ चाच लागतो.

प्रश्न: आमचा मडगावला बँड आहे, लग्नं आणि हॉटेलचे शो करतो. माझ्या इन-इअरला गोल फिरणारा कनेक्टर आहे, आता तो सैल झालाय, नुसता हात लागला तरी आवाज जातो. मित्राचा दोन पिनांचा आहे, तो म्हणतो तोच चांगला. पुढचा सेट बनवताना कुठला घेऊ?

उत्तर: मी दोन पिनांच्या बाजूचा आहे, पण दोघांचंही ऐकून घ्या. तुमचा तो एमएमसीएक्स. तो मूळचा रेडिओ-अँटेनाच्या कामाचा कनेक्टर, तिथे एकदा जोडला की जोडला, आणि त्याचं आयुष्य साधारण ५०० वेळा काढ-घाल एवढंच धरलेलं असतं. कानात मात्र तो रोज गोल गोल फिरतो, फिरताना आतली पातळ स्प्रिंगची रिंग आणि सोन्याचा मुलामा घासला जातो, त्यात घाम, त्यात तुमच्याकडची समुद्राची खारी हवा, मग खरखर. तात्पुरतं करायचं तर कनेक्टर सरळ ओढून काढा, बारीक ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण सुकू द्या, परत दाबताना टक असा आवाज यायला हवा. टक आलं नाही तर रिंग गेली. ती केबलकडची असेल तर केबल बदलून भागतं, पीसमधलं सॉकेट ढिलं असेल तर पीस बनवणाऱ्याकडे पाठवून सॉकेट बदलून घ्यावं लागतं. पक्कड घेऊन रिंग दाबायला जाऊ नका, तुटते.

दोन पिनांचा फिरत नाही हा त्याचा मोठा गुण. तोटा असा की काढताना थोडा जरी तिरका ओढला तर पिन वाकते. मापंही दोन आहेत, ०.७८ मिलिमीटर आणि ०.७५. फरक दिसत नाही, पण ०.७५ च्या सॉकेटमध्ये ०.७८ ची पिन जोर लावून घातली की भोक मोठं होतं आणि नंतर मूळची केबल सैल बसते, त्यामुळे ऑर्डर देतानाच माप लिहून घ्या आणि स्पेअर केबल त्याच मापाची घ्या. सॉकेट पीसच्या आत थोडं खोल बसवलेलं मागा, म्हणजे कनेक्टरला बाजूने आधार मिळतो आणि पिनांवर जोर येत नाही.

पिना लावताना उलटसुलट झालं तर काही जळत नाही, पण एका बाजूचा प्लस-मायनस बदलतो. दोन्ही कानांत आवाज येतो, तरी मधला गायक कुठेतरी विरघळल्यासारखा, बास पोकळ. अशा वेळी साउंडवाल्याशी भांडायच्या आधी एका बाजूचा कनेक्टर फिरवून लावून बघा.

प्रश्न: पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर ही केबल रिपेअर होईल का? नवीन मागवली की यायला फार वेळ लागतो.

उत्तर: जॅकच्या बाजूला तुटली असेल तर नक्की होते. नवीन ३.५ चा चांगला जॅक स्वतः घेऊन जा, आणि कारागिराला आधी सांगा की धाग्यांवर इनॅमल असू शकतं. नाहीतर काय होतं, नेहमीच्या वायरीसारखं सोलून सोल्डर लावायला जातात, टिन धाग्यांना धरतच नाही, गोळा होऊन घरंगळतं, मग तो जास्त टिन थापतो आणि बाहेरून जोड चकचकीत दिसतो पण आत स्पर्शच नसतो. सोल्डरिंग आयर्न ३८० ते ४०० डिग्रीला ठेवून टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि त्यात धागे थोडा वेळ बुडवून ठेवायचे, इनॅमल जळून धूर निघतो आणि मग टिन धाग्यांवर एकदम चढतं. धूर नाकात घेऊ नका. आत केवलारचा पिवळा दोरा असेल तर तो कापून फेकू देऊ नका, जॅकच्या आत गाठ मारून अडकवायला सांगा, ओढ त्याच्यावर यायला हवी. जोडणी अशी, टोक डावं, मधली रिंग उजवं, बूड दोन्हीचा कॉमन. झाल्यावर दुकानातच मीटरवर बीप लावून वायर हलवून बघा.

कानाच्या बाजूला तुटली असेल तर वेळ घालवू नका. तिथला कनेक्टर ओतीव असतो, फोडून परत बसवला तर कानावर टोचतो. आणि पीसमध्ये कनेक्टर लावलेला असताना त्याच्या जवळ आयर्न कुणालाही आणू देऊ नका, ॲक्रिलिकचा पीस उष्णतेने खराब झाला तर परत साच्यापासून सुरुवात.

प्रश्न: मुलगी नाशिकला कॉलेजच्या बँडमध्ये गाते. तिच्या इन-इअरची वायर रोज स्पिरिटने पुसली तर चालेल का? आणि ठेवायची कशी?

उत्तर: रोज स्पिरिट नको काकू, त्यानेही प्लास्टिक कडक होतं. कार्यक्रम झाला की कानामागचा भाग किंचित ओल्या मऊ कापडाने पुसायचा आणि लगेच कोरड्याने, एवढं पुरे. बोटांभोवती करकचून गुंडाळू नये, तळहाताएवढे सैल वेढे घालून डबीत ठेवावी, डबीत सिलिका जेलची पुडी. आणि तिला एक सांगा, कानातून काढताना वायर धरून ओढायचं नाही, पीस बोटांनी धरून थोडा फिरवून बाहेर घ्यायचा.

प्रश्न: केबलची कटकटच नको म्हणून ब्लूटूथचे कानामागे लावायचे अडॅप्टर मिळतात, ते स्टेजवर चालतील?

उत्तर: प्रवासात गाणी ऐकायला मस्त, स्टेजवर नाही. ब्लूटूथमध्ये आवाज सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, तुम्ही सम गाठलेली असते आणि कानात ती अजून यायची असते. रियाज रेकॉर्डिंग ऐकायला घेणार असाल तर घ्या, फक्त अडॅप्टरचा कनेक्टर तुमच्या पीसच्याच प्रकारचा आणि मापाचा आहे ना ते बघून.