गुडघ्याची वाटी वारंवार सरकते, ऑपरेशन करावंच लागेल का?

मुलगी १९ वर्षांची, वाटी तीनदा सरकली, आता हाडवैद्य की ऑपरेशन, असं तुम्ही विचारलंय. सोलापुरात अजून "चोळून बसवतो" म्हणणारे भेटतात. त्यांच्या हाती गुडघा देऊ नका. वाटी बाहेरच्या बाजूला सरकते आणि पाय सावकाश सरळ केला की बरेचदा आपणच जागेवर येते; श्रेय मात्र बसवणाऱ्याला! खरं नुकसान आत होतं. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारं एमपीएफएल हे लिगामेंट (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) फाटतं, कधी कूर्चेचा तुकडाही निघतो.

पहिल्या वेळी बहुतेकदा ब्रेस आणि फिजिओथेरपीवर भागतं. दुसऱ्यांदा सरकल्यावर पुन्हा सरकण्याची शक्यता साधारण निम्मी धरतात. तुमचं तीनदा झालंय, तेव्हा एमआरआय कराच. वाटी नेहमीपेक्षा वर आहे का, मांडीच्या हाडाची खाच उथळ आहे का, हे ऑर्थोपेडिक डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नुसतं लिगामेंट नवं करायचं की नडगीच्या हाडाचा उंचवटाही सरकवायचा, हे त्यावरच ठरतं. लिगामेंटसाठी सहसा मांडीमागचा स्नायुबंध वापरतात.

तोवर मांडीच्या पुढच्या स्नायूचे आणि खुब्याचे व्यायाम रोज. उकिडवं बसणं टाळा, कमोड वापरा. पाऊल रोवून अंग गर्रकन वळवलं की वाटी निसटते, त्यामुळे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत यंदा नकोच. वाटी पुन्हा अडकली तर धक्का न देता, आहे त्या स्थितीत आधार देऊन दवाखाना गाठा. खर्चाची चिंता असेल तर आधी सिव्हिलच्या ओपीडीत दाखवा.